आयरिश सोडा ब्रेड: प्रमाण, हात आणि नेमकं काय बिघडतं

रानजाई

गव्हाचं पीठ, ताक, खायचा सोडा, मीठ. आयर्लंडमध्ये घरोघरी होणाऱ्या साध्या सोडा ब्रेडमध्ये एवढंच असतं. यीस्ट नाही, अंडं नाही, साखर नाही. लोणी लागतं ते नंतर, कापलेल्या तुकड्यावर, आणि तेव्हा हात आखडायचा नाही. पीठ भिजवल्यापासून तासाभरात ब्रेड जाळीवर निवत ठेवलेला असतो.

इतका सोपा असूनही आपल्याकडे तो बिघडतो, आणि कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक, हाताला पोळीच्या कणकेची सवय. दोन, ताक आणि सोडा यांचं न जुळलेलं प्रमाण. म्हणून कृती जरा विस्ताराने लिहिते.

पांढऱ्या ब्रेडसाठी: मैदा ४५० ग्रॅम, खायचा सोडा सपाट १ टीस्पून, मीठ सपाट १ टीस्पून, घट्ट आंबट ताक ३५० ते ४०० मिली.

ब्राउन ब्रेडसाठी: मैदा २२५ ग्रॅम, जाडसर गव्हाचं पीठ २२५ ग्रॅम, सोडा आणि मीठ तेवढंच, ताक ४०० ते ४२५ मिली.

टीस्पून म्हणजे मापाचा ५ मिलीचा चमचा, चहाच्या कपातला नव्हे. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचं काढून टाकलेला. सोड्याच्या बाबतीत शीग लावलेला चमचा आणि सपाट चमचा यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो आणि तो चवीत लगेच कळतो.

आधी ओव्हन २३० अंशांवर तापत ठेवा. तो पूर्ण तापल्याशिवाय ताकाला हात लावायचा नाही. सोडा तळहातावर घेऊन बोटाने चुरडा, गुठळी राहू देऊ नका, मग मैदा आणि मिठाबरोबर दोनदा चाळा. पसरट परातीत मध्ये आळं करा आणि जवळजवळ सगळं ताक एकदम ओता. थोडं थोडं घालत बसू नका. आता एका हाताची बोटं फाकवून, ताठ ठेवून, पंजा करा आणि मधून बाहेरच्या दिशेने गोल फिरवा. सात-आठ फेऱ्यांत पीठ गोळा होतं. कडेला कोरडं पीठ दिसलं तर उरलेलं ताक तिथे शिंपडा.

हा गोळा पोळीच्या कणकेपेक्षा बराच सैल असायला हवा. हाताला चिकटेल, पण परातीत वाहणार नाही. ओट्यावर सढळ पीठ भुरभुरवून त्यावर उलटा, हात धुऊन कोरडे करा, कडा आत सारून गोल करा आणि पालथा घालून हलकेच थापून ४ सेंटीमीटर जाडीचा ठेवा. मळायचं नाही. वरून तो खडबडीत दिसला तरी चालतं, त्याच भेगा पुढे कुरकुरीत होतात. पीठ लावलेल्या सुरीने या कडेपासून त्या कडेपर्यंत अधिकच्या चिन्हासारखा छेद द्या, दोन तृतीयांश खोल. लगेच ओव्हनमध्ये.

२३० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० अंशांवर २५ ते ३० मिनिटं. शेवटची ५-७ मिनिटं ब्रेड उलटा ठेवा, म्हणजे बूडही कोरडं होतं. बाजारात कलिंगड ठोकून बघतो तसा ब्रेडच्या बुडावर बोटाने ठोका. पोकळ आवाज आला तर झाला. बद्द आवाज आला तर आणखी ५ मिनिटं.

साय_साखर

छान सविस्तर. वाचनखूण साठवली. दोन शंका आहेत. भिजवल्यावर १५-२० मिनिटं झाकून ठेवलं तर पीठ मुरून ब्रेड मऊ होणार नाही का? आणि मळायचं नाही म्हणजे अगदीच नाही का? थोडं मळल्याशिवाय गोळा एकजीव दिसत नाही.

रानजाई

@साय_साखर, दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे, पण कारणं वेगळी आहेत.

झाकून ठेवायचं नाही, कारण ताक सोड्याला लागलं त्या क्षणी वायू सुटायला लागतो. गोळा कानाजवळ नेला तर बारीक सरसर ऐकू येते. पीठ मुरेपर्यंत थांबलात तर ब्रेड फुगवणारा बराचसा वायू ओट्यावरच निघून जातो आणि ओव्हनमध्ये जातो तो दमलेला गोळा. भिजवल्यापासून ओव्हनचं दार लावेपर्यंत ३ मिनिटं, फार तर ५.

मळायचं नाही, कारण मळल्याने ग्लूटेनचं, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांचं, जाळं घट्ट होतं. यीस्ट तासन्‌तास हळूहळू वायू सोडत राहतं आणि तो धरून ठेवायला तसं चिवट जाळं लागतं. सोड्याचं काम काही मिनिटांचं, त्याला घट्ट जाळं ताणता येत नाही. म्हणून मळलेला सोडा ब्रेड बसका, चामट आणि आतून दडस होतो. गोळा एकजीव दिसायची गरजच नाही. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं.

लिफीकाठी

धाग्यात थोडी इथल्या पिठांची भर घालतो, डब्लिनमध्ये किंवा आयर्लंडमध्ये इतरत्र राहणाऱ्या मराठी मंडळींना उपयोगी पडेल.

दुकानात 'क्रीम फ्लॉवर' लिहिलेलं असतं त्याचा सायीशी संबंध नाही, तो साधा पांढरा मऊ गव्हाचा मैदा. सोडा ब्रेडला तोच घ्या. 'स्ट्राँग फ्लॉवर' यीस्टच्या ब्रेडचं, ते नको. 'सेल्फ रेझिंग' मध्ये बेकिंग पावडर आधीच असते, तेही नको. उत्तर आयर्लंडमध्ये 'सोडा ब्रेड फ्लॉवर' म्हणून पुडा मिळतो, त्यात सोडा मिसळलेलाच असतो, वरून घालू नका. ब्राउनसाठी 'कोर्स होलमील', म्हणजे ज्यात कोंड्याचे पापुद्रे डोळ्यांना दिसतात ते. आणि खायचा सोडा इथे 'ब्रेड सोडा' या नावाने मिळतो. या पदार्थाशी त्याचं नातं किती घट्ट आहे ते नावातच दिसतं.

मऊ गहू ही इथली मुख्य गोष्ट. पावसाळी, थंड हवेत जो गहू इथे पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला त्यात प्रथिनं कमी असतात, यीस्टचा उंच ब्रेड त्याला झेपत नाही. त्यात बहुतेक घरांत ओव्हन नव्हते, होती ती चूल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खायचा सोडा स्वस्तात मिळू लागला आणि मऊ गहू, चूल आणि ताक यांची सांगड बसली. १८३६ मध्ये लंडनच्या एका शेतकी मासिकाने आताच्या उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीच्या वर्तमानपत्रातली सोडा ब्रेडची कृती छापली होती, ती सुरुवातीच्या छापील कृतींपैकी एक.

ताक का, तर लोण्यामुळे. कॉर्क शहरातला लोण्याचा बाजार १७७० पासूनचा, तिथून लोणी बोटीने दूरदूरच्या देशांत जायचं. शेतकऱ्याच्या घरी विरजलेली साय घुसळून लोणी विकायला जायचं आणि ताक घरात उरायचं. सोड्याला जे आम्ल लागतं ते त्या ताकात फुकट मिळत होतं.

बिडाचातवा

चूल आणि भांड्याबद्दल लिहायलाच हवं. त्या भांड्याला बॅस्टिबल म्हणतात. बिडाचं, सपाट बुडाचं, तीन आखूड पायांचं, वर जड झाकण. ते चुलीवर आडव्या लोखंडी दांड्याला टांगायचे किंवा निखाऱ्यांत ठेवायचे, आणि झाकणावरही पीटचे निखारे पसरायचे. पीट म्हणजे दलदलीतून विटांसारखे कापून वाळवलेले ढेकळांचे तुकडे, तिकडचं घरगुती इंधन. वर-खाली विस्तव ठेवून भाजायची युक्ती आपल्याला परकी नाही: गोव्यात बेबिंकाचा एकेक थर वरून निखारे ठेवूनच भाजला जातो.

घरात झाकणाचं जाड बिडाचं भांडं असेल तर ते ओव्हनमध्ये बॅस्टिबलसारखं वापरता येतं. भांडं झाकणासकट २३० अंशांना २५ मिनिटं तापवा, गोळा बटर पेपरवर ठेवून पेपरसकट आत सोडा, झाकण लावून ३० मिनिटं, मग झाकण काढून २०० अंशांना १०-१५ मिनिटं. गोळ्यातली वाफ आत कोंडल्यामुळे ब्रेड चांगला फुलेपर्यंत वरचं कवच मऊ राहतं. उघड्यावर भाजलेल्यापेक्षा हा ब्रेड मला सरस वाटतो. भांड्याचा व्यास २२ सेंटीमीटरच्या आसपास असावा. फार मोठ्या भांड्यात गोळा पसरून चपटा होतो.

आंबोळी

प्रमाण तंतोतंत धरूनही चव साबणासारखी लागते आणि आतला रंग पिवळट येतो. ताक घरचं, विरजणाचं, ताजं. काय चुकत असेल?

क्षारमापक

@आंबोळी, "ताजं" हाच शब्द पकडा.

८४ ग्रॅम खायच्या सोड्याला पूर्ण मुरवायला, म्हणजे तो आम्लाशी मिळून संपायला, ९० ग्रॅम लॅक्टिक आम्ल (दह्या-ताकातलं आम्ल) लागतं, म्हणजे ढोबळ मानाने वजनास वजन. बऱ्यापैकी आंबट, पाणी न घातलेल्या ताकात ०.८ ते ०.९ टक्के आम्ल धरा. ४०० मिलीत ते झालं ३.२ ते ३.६ ग्रॅम. त्याने मुरतो ३ ते ३.४ ग्रॅम सोडा. टीस्पूनभर सपाट सोडा पाच ग्रॅमच्या आसपास भरतो. थोडासा सोडा पिठातलं आम्ल खातं, उरलेला ओव्हनच्या उष्णतेने फुटतो आणि त्याचा सोडियम कार्बोनेट होतो, म्हणजे धुण्याचा सोडा. साबणासारखी चव येते ती त्याची. पिवळट रंगही त्या अल्कलीमुळेच: गव्हातली रंगद्रव्यं अल्कलीत पिवळी होतात, आणि कवचही गरजेपेक्षा लवकर तपकिरी होतं.

ताजं गोड ताक घेतलं किंवा पाणी घालून पातळ केलेलं प्यायचं ताक घेतलं तर आम्ल निम्म्यावर येतं आणि हा उरलेला सोडा वाढतो. म्हणून आपल्या ताकासाठी माझं मत असं:

सोडा ५ नव्हे, ४ ग्रॅम घ्या, म्हणजे सपाट पाऊण टीस्पूनच्या जरासा वर. छोटा वजनकाटा असेल तर सोडा वजनानेच घ्या. ताक करायचं ते असं: दोन दिवस आंबवलेलं दही ३२० ग्रॅम, पाणी ८० मिली, रवीने घुसळून एकसारखं. लोणी काढल्यावरचं ताक असेल तर गोळा वर येण्यासाठी जे थंड पाणी ओततात ते ओतण्याआधीच लागेल तेवढं बाजूला काढा. जीभ हा इथे बरा मापक आहे: ताक नुसतं प्यायला नकोसं वाटेल इतकं आंबट हवं, पण कडवट किंवा बुरसट वास नको.

ब्राउन ब्रेडमध्ये कोंड्याची चव जोरकस असते, त्यामुळे ५ ग्रॅम खपून जातो. पांढऱ्यात तो लपत नाही.

साय_साखर

दुधात व्हिनेगर किंवा लिंबू पिळून ताक करतात, तसं चालेल का? बऱ्याच कृतींत दिसतं.

क्षारमापक

चालवून घेता येतं, पण कमी पडतं. ४०० मिली दुधात २५ मिली व्हिनेगर घातलं आणि ते ४ टक्क्यांचं असलं तर त्यात १ ग्रॅम ॲसेटिक आम्ल आलं. त्याने मुरतो १.४ ग्रॅम सोडा. चार ग्रॅमच्या निम्म्यालाही पुरत नाही. लिंबाचा रस तेवढाच घेतला तर आम्ल थोडं जास्त मिळतं, तरीही पुरत नाही. दूध फाटून दाट दिसतं आणि ताकासारखं वाटतं, पण दाटपणा आणि आंबटपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. घरात दही असताना हा रस्ता धरू नये.

दही-ताक अजिबातच नसेल तर साधं दूध आणि क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पूड) हा जास्त भरवशाचा पर्याय. ४ ग्रॅम सोड्याला ९ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर, दोन्ही पिठात चाळून.

आणि विचारलं जाईलच म्हणून आधीच लिहितो: पापडखार इथे वापरायचा नाही, त्यात सोडियम कार्बोनेट असतो, म्हणजे जे टाळायचं तेच. फ्रूट सॉल्टही नाही, त्यात सायट्रिक आम्ल मिसळलेलंच असतं, ते ओलं होताच फसफसून मोकळं होतं आणि ताकातलं आम्ल तसंच राहून ब्रेड आंबट लागतो. बेकिंग पावडर म्हणजे सोडा अधिक कोरडं आम्ल अधिक स्टार्च, तिने ब्रेड फुगेल, पण ताकाचा आंबटपणा न मुरल्याने चव वेगळी येईल. खायचा सोडाच हवा.

रानजाई

@क्षारमापक, पटलं. मी दिलेला एक टीस्पून आयरिश कृतींतला आहे आणि तो तिकडच्या विकतच्या घट्ट ताकाला धरून आहे. दही घुसळून ताक करणाऱ्यांनी पांढऱ्या ब्रेडला ४ ग्रॅमच धरावा.

ओटा

बिना मैद्याचा, पूर्ण कणकेचा केला तर आत चिकट लगदा राहतो. सुरीला पीठ चिकटून येतं. तासभर भाजूनही तसंच. ओव्हन कमी पडतोय का?

लिफीकाठी

@ओटा, ओव्हन नव्हे, पीठ. चक्कीवर जात्याच्या दगडांत घासून निघालेल्या कणकेत स्टार्चचे कण बरेच फुटलेले असतात. फुटलेला स्टार्च पाणी जास्त पितो. पोळीला हेच हवं असतं, म्हणून तर पोळी मऊ राहते. ब्रेडमध्ये मात्र ते पाणी आतच धरलं जातं आणि गाभा चिकट राहतो. त्यात पोळीची कणीक बारीक दळलेली. आयरिश होलमील याच्या उलट, भरड आणि कोंड्याच्या पापुद्र्यांनी मोकळं.

उपाय सोपा आहे. गिरणीत पोळीसाठी नव्हे, लाडवासाठी देतात तसं जाडसर दळून आणा. ते अर्धं आणि मैदा अर्धा. जाड पीठ मिळत नसेल तर १५० ग्रॅम कणीक, ४० ग्रॅम गव्हाचा कोंडा, ३५ ग्रॅम बारीक लापशी रवा असं मिळून २२५ ग्रॅम करा. लापशी रवा घेतलात तर तो १०० मिली ताकात आधी अर्धा तास भिजवून ठेवा, नाहीतर दातांखाली कचकच येते. सोडा मात्र या भिजवणात घालायचा नाही, तो कोरड्या पिठातच.

पूर्ण कणकेचाच हवा असेल तर गोल थापू नका, साच्यात करा. ३४० ग्रॅम जाड पीठ, ५० ग्रॅम कणीक, ६० ग्रॅम ओट्स, सपाट टीस्पून मीठ, ५ ग्रॅम सोडा, ४५० मिली ताक, टेबलस्पूनभर तेल, टीस्पूनभर काकवी. तिकडे यात ट्रीकल घालतात, काकवी त्याच्या जवळची आहे. हे मिश्रण हाताने गोळा करता येत नाही, भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट आणि चमच्यावरून लपकन पडेल असं हवं. तेल लावलेल्या २३ बाय १३ सेंटीमीटरच्या साच्यात ओता, वरून ओट्स भुरभुरा, मधोमध उभी खाच पाडा. २०० अंशांना ५० ते ६० मिनिटं, शेवटची १० साच्याबाहेर काढून, थेट जाळीवर. आयर्लंडमधल्या किती तरी घरांत रोजचा ब्राउन ब्रेड हाच असतो, आणि खरं तर नवशिक्यांनी यापासूनच सुरुवात करावी, कारण यात हात चुकायला जागाच नाही.

आंबोळी

धन्यवाद @क्षारमापक. ताक ताजंच होतं, उलगडा झाला. आता ओव्हन नसलेल्यांसाठी कोणी लिहील का? कुकरमध्ये मीठ घालून करतात तसं?

बिडाचातवा

ओव्हन नसेल तर कुकर-मिठाच्या वाटेला जायचं कारणच नाही, कारण आयर्लंडच्या उत्तरेकडे, अल्स्टरमध्ये, सोडा ब्रेड मुळातच तव्यावर होतो. त्याला फार्ल म्हणतात. मूळ अर्थ चौथा भाग, चतकोर. गोल थापून चार तुकडे करायचे आणि ते कोरड्या बिडाच्या तव्यावर भाजायचे. तिकडच्या सकाळच्या भरगच्च न्याहारीत अंडी, सॉसेज आणि बेकनबरोबर हाच फार्ल आडवा चिरून त्याच तव्यात परततात.

प्रमाण एका तव्याचं: मैदा २५० ग्रॅम, सोडा २.५ ग्रॅम म्हणजे सपाट अर्धा टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, आंबट घट्ट ताक २०० ते २२० मिली. कृती रानजाईंनी दिली तीच, पंजाने गोळा करायचा, मळायचं नाही. पीठ भुरभुरवून २ सेंटीमीटर जाडीचा, तव्याच्या मापाचा गोल थापा आणि अधिकच्या आकारात पूर्ण कापून चार चतकोर वेगळे करा.

सगळं यश तव्याच्या आंचेवर. तवा मंद ते मध्यम आंचेवर ८-१० मिनिटं तापवा. चिमूटभर मैदा टाका: दीड-दोन मिनिटांत तो फिकट बदामी झाला तर आंच बरोबर. अर्ध्या मिनिटात तपकिरी झाला तर तवा भाकरीला योग्य आहे, फार्लला नाही, खाली उतरवून थोडा निवू द्या. तेल-तूप लावायचं नाही, मैद्याचा हलका थर पुरे. चतकोर एकमेकांना न चिकटवता ठेवा, एका बाजूने ७-८ मिनिटं, उलटून पुन्हा ७-८. सारखं उलटंपालटं करू नका. पहिल्या बाजूला असतानाच ते फुलतात, दाबू नका, आपल्याला पोळी-भाकरीवर फडकं दाबायची सवय असते ती इथे आवरायची. शेवटी प्रत्येक चतकोर कापलेल्या कडेवर उभा करून मिनिट-दीड मिनिट फिरवत शेका. कडा ओलसर पांढऱ्या दिसायच्या थांबल्या पाहिजेत. मग स्वच्छ फडक्यात गुंडाळून १० मिनिटं.

नॉनस्टिकवर होतो, पण आंच सगळीकडे सारखी बसत नाही. बिडाचा जाड तवाच घ्या.

मुरमुरा

माझ्याकडे १९ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे. वरून करपतो, मध्ये ओला. छेदाच्या जागी तर कच्चं पीठ दिसतं.

रानजाई

@मुरमुरा, तीन गोष्टी तपासा.

लहान ओटीजीत वरची कांडी ब्रेडच्या फार जवळ येते. ४५० ग्रॅम पिठाचा ब्रेड फुलून ८-९ सेंटीमीटर उंच होतो. जाळी सर्वांत खालच्या खाचेत लावा, किंवा पीठ ३०० ग्रॅम, ताक २५० मिली, सोडा अडीच-पावणेतीन ग्रॅम असा छोटा ब्रेड करा. त्याला २३० वर १२ मिनिटं आणि २०० वर २० मिनिटं पुरतात. कवचाला हवा तो रंग आला की वरून फॉइल सैलसर झाका.

दुसरं, बटणावरचे अंश आणि आतले अंश यांत अशा लहान ओव्हनमध्ये बराच फरक असू शकतो. आत टांगायचा साधा थर्मामीटर ही यातली सगळ्यात कामाची खरेदी. तापायला १५-२० मिनिटं द्या, दिवा विझला म्हणजे आतल्या भिंती तापल्या असं नाही. पंखा चालू असेल तर तापमान २० अंशांनी कमी ठेवा.

तिसरं, छेद. वरवर ओढलेली रेघ भाजताना बुजते. घरातल्या परींना बाहेर पडायला वाट म्हणून हा छेद देतात अशी तिकडची समजूत आहे, पण त्याचं खरं काम उष्णता मध्यापर्यंत पोचवण्याचं. चारी पाकळ्या उमलून वेगळ्या झाल्या पाहिजेत. छेदाच्या तळाशी कोरडं दिसलं की आतही शिजलंय. प्रोब थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९३ ते ९६ अंश.

हे तिन्ही ठीक असून ओला राहत असेल तर ताक जास्त होतंय. प्रत्येक पिठाची पाणी पिण्याची ताकद वेगळी, म्हणून तर ३५० ते ४०० असं लिहिलं. शेवटचे ५० मिली हातात राखून ठेवा.

आंबोळी

आत मधूनमधून तपकिरी-हिरवट ठिपके येतात, ते कशाचे? आणि बेदाणे, कॅरवे (जिऱ्यासारखं दिसणारं मसाल्याचं बी) घातलेला गोड सोडा ब्रेड दिसतो, तो खरा का हा?

क्षारमापक

ठिपके न चुरडलेल्या सोड्याचे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक गुठळी. दमट हवेत डब्यातला सोडा गोळे धरतो, त्यामुळे पावसाळ्यात हे जास्त होतं. घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. सोडा कामाचा आहे का हे बघायला चिमूटभर सोड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, जोरात फसफसला पाहिजे. पाण्यात टाकून बघणं ही बेकिंग पावडरची चाचणी, ती इथे लागू नाही.

लिफीकाठी

गोड ब्रेडबद्दल: कॅरवे, भरपूर साखर, लोणी घातलेला ब्रेड मुख्यतः अमेरिकेतल्या आयरिश वस्त्यांमध्ये रुळला, १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक दिवसाला तिथे तोच असतो. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण रोजच्या सोडा ब्रेडशी त्याची गल्लत करू नये. आयर्लंडमध्येही बेदाण्यांचा प्रकार आहे, त्याला 'स्पॉटेड डॉग' किंवा 'रेल्वे केक' म्हणतात. ४५० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम बेदाणे, टेबलस्पूनभर साखर, एक अंडं. अंडं मोजपात्रात फोडून वर ताक ओतून मिळून ४०० मिली करा. साखरेमुळे रंग लवकर चढतो, त्यामुळे २२० वर १५ मिनिटं आणि मग १८०-१९० वर अर्धा तास. आपल्या दुकानात शहाजिरे म्हणून मिळतं ते कॅरवेच असेल असं नाही, वास बराच वेगळा असू शकतो, ते यात घालू नका. नुसते बेदाणे पुरे.

साय_साखर

आज कृतीप्रमाणे केला, ४ ग्रॅम सोडा आणि दोन दिवसांचं आंबट दही घुसळून. फुलला छान, साबणाची चव अजिबात नाही. फक्त कवच फार कडक झालं आणि कापताना आतून चुरा पडला. दुसऱ्या दिवसासाठी कसा ठेवायचा?

रानजाई

@साय_साखर, कवच मऊ हवं असेल तर ओव्हनमधून काढल्याकाढल्या स्वच्छ सुती पंचात गुंडाळून जाळीवर ठेवा, आतली वाफ कवचात उतरते. कुरकुरीत हवं असेल तर उघडाच निवू द्या. गरम असताना कापला की चुरा पडणारच, पाऊण तास तरी थांबा, आणि दातेरी सुरी करवतीसारखी चालवा, दाबू नका.

यात चरबी जवळजवळ नसल्याने तो लवकर शिळा होतो. त्या दिवशी तसाच, दुसऱ्या दिवशी टोस्ट करून. फ्रिजमध्ये ठेवला तर आणखी लवकर कोरडा पडतो, बाहेर पंचात गुंडाळून डब्यात ठेवा. जास्तीचा असेल तर पूर्ण निवल्यावर काप करून त्याच दिवशी फ्रीजरमध्ये, मध्ये बटर पेपरचे तुकडे घालून. काढला की तसाच टोस्टरमध्ये किंवा तव्यावर, बाहेर ठेवून वितळवायची गरज नाही.

बिडाचातवा

फार्लसुद्धा असेच ठेवता येतात. आधी आडवे चिरा आणि मगच फ्रीजरमध्ये टाका, गोठल्यावर चिरता येत नाहीत.